पागोट्याची पाच गावं

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हा राज्याची हद्द कागदावर काढलेली नसे. घोडी दमून जिथे थांबेल तिथे राज्य संपे. अशा एका राज्यात दोन प्रधान होते. एकाला लोक थोरले प्रधान म्हणत आणि दुसऱ्याला धाकटे प्रधान.

थोरले खरोखरच थोरले होते. तीन वर्षं पाऊस पडला नाही तेव्हा तळं बांधायला उभे राहिले ते थोरले. साथ आली तेव्हा घरोघर फिरले ते थोरले. राजासमोर खरं बोलायची वेळ आली की सगळा दरबार छताकडे बघायचा, आणि बोलायचे ते थोरले.

धाकट्यांचं मात्र अवघड झालं होतं. ते दरबारात आले तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. तेव्हा धाकटे म्हणवून घ्यायला काही वाटलं नाही. पुढे केस पिकले, दाढा पडल्या, नातवंडं मांडीवर खेळू लागली, तरी धाकटे ते धाकटेच. त्यांनी एखादं चांगलं काम केलं की लोक म्हणत, थोरल्यांच्या हाताखाली तयार झाले आहेत, होणारच. वाईट काम झालं की म्हणत, थोरल्यांना विचारलं असतं तर बरं झालं असतं. हे ऐकलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड होई. मग ते डाव्या हाताची करंगळी अंगरख्याच्या बाहीत लपवत. ती करंगळी जन्मापासून वाकडी होती, आणि मनात काही सलू लागलं की ती लपवायची त्यांची सवय होती.

मत्सर हा मोठा कष्टाळू असतो. तो सणावारीही सुटी घेत नाही. धाकट्यांनी तीस वर्षं थोरल्यांच्या प्रत्येक शब्दाला मान डोलावली आणि घरी जाऊन प्रत्येक शब्द चघळून थुंकला.

एके दिवशी थोरले वारले. ऐंशीच्या घरात होते. सकाळी पूजा केली, दूध प्यायले आणि भिंतीला टेकून बसले ते बसलेच. सगळं नगर रडलं. धाकटेही रडले. त्या रडण्यात थोडं खरं होतं, हे आपण त्यांच्या वतीने मान्य करू. पण तेराव्याचं जेवण झालं आणि त्यांना वाटलं, आता या राज्यात आपल्याला धाकटा म्हणायला कुणी उरलं नाही.

इथे त्या राज्याचा एक रिवाज सांगायला हवा.

प्रधान वारला की त्याचं पागोटं त्याच्याच घोडीच्या खोगिरावर ठेवून पाच गावांना नेत. नेणारा कोण, तर जो त्याच्या जागी बसणार तो. त्याने सगळी वाट पायी चालायची. प्रत्येक गावात चारचौघांसमोर दोन्ही हात पागोट्यावर ठेवून एकच गोष्ट विचारायची, ‘हे पागोटं तुमचं का?’ गावाला तो माणूस आपला वाटला, तर गावकरी आपल्या रानातलं मूठभर धान्य पागोट्याच्या पदरात बांधून गाठ मारत. नाही वाटला, तर नुसता नमस्कार करून घरी जात. गावालाही उलट एक सवाल विचारायची मुभा होती, आणि पागोट्यावर हात असेपर्यंत खोटं बोलायचं नाही असा दंडक होता.

पाचांपैकी तीन गाठी पडल्या, तर त्या माणसाच्या नावाचा दगड नगराच्या मोठ्या वेशीत उभा करत. तीन नाही पडल्या, तर पागोटं नदीत सोडत आणि विषय संपला. पाच गावं कोणती, हे मात्र नेणाऱ्याने ठरवायचं. रिवाज घालून देणाऱ्या जुन्या राजाला वाटलं असावं, की जो माणसाच्या शेजारी बसला त्याच्याइतकं त्याला कोण ओळखणार. भला राजा होता. शेजारी बसणाऱ्याच्या पोटात काय काय असतं, ते त्याला ठाऊक नव्हतं.

धाकट्यांनी विचार केला. मोठ्या वेशीतून रोज दोनदा जायचं. तिथे थोरल्यांचा दगड उभा राहिला, तर रोज दोनदा त्याच्या सावलीतून जावं लागणार. जिवंतपणी हा माणूस संध्याकाळी निदान घरी तरी जात असे, दगड घरी कधीच जाणार नाही. हे काही झालं तरी होऊ द्यायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

म्हणून त्यांनी पाच गावं निवडली ती अशी, की जिथे थोरल्यांनी कुणाचं तरी मन मोडलं होतं. राजाला ते म्हणाले की सोपी गावं निवडली तर लोक म्हणतील मुद्दाम निवडली. राजाला ते फार पटलं. धाकटे किती निःस्पृह आहेत, असं तो राणीलाही म्हणाला.

निघाले. पुढे थोरल्यांची म्हातारी घोडी भिंगरी, तिच्या खोगिरावर पागोटं, मागे धाकटे आणि दोन शिपाई. काही गोष्टींत घोडी बोलते. आमच्या गोष्टीतली बोलत नाही. ती बोलली असती, तर ही गोष्ट पहिल्याच मुक्कामाला संपली असती.

पहिलं गाव थोरल्यांचं जन्मगाव. राज्यभर रस्ते बांधणाऱ्या या माणसाने स्वतःच्या गावाला रस्ता दिला नव्हता. आधी बाकीच्यांचं होऊ दे, आपलं शेवटी, असं ते म्हणत राहिले, आणि शेवटच्याची पाळी यायच्या आत गेले. गाव कोसभर राहिलं तिथे फरसबंदी संपली आणि काटे सुरू झाले. धाकट्यांच्या पायात तीन काटे मोडले, पण प्रत्येक काट्याला त्यांना बरंच वाटलं. काटा बोचला म्हणजे गावही रुसलेलं असणार.

फरसबंदी संपली तिथे भिंगरी आपणहून थांबली. शिपायांनी ओढलं तरी हलेना. मग जवळच गुरं राखणाऱ्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, की थोरले नेहमी इथेच खाली उतरत आणि पायातलं काढून हातात घेत. गाव अनवाणी चालतं तर आपणही, म्हणत. घोडी खोगीर हलकं व्हायची वाट बघते आहे. अखेर शिपायाने पागोटं क्षणभर उचलून हातात घेतलं आणि भिंगरी चालू लागली.

गावात थोरल्यांच्या वहिनी होत्या, त्यांच्याहूनही म्हाताऱ्या. धाकट्यांनी विचारलं, हे पागोटं तुमचं का? वहिनींनी आधी पागोट्यावरून हात फिरवला. मग त्यांनी पदराची ज्वारी काढली.

“रस्ता न्हाई दिला भावजींनी,” त्या म्हणाल्या. “माझ्या थोरल्या पोराला कचेरीत चिकटवा म्हनलं, तेबी न्हाई केलं. लई राग हाय माझा. पन बाजारात गेलं की आमच्या घराकडं बोट दावून कुनी बोललं न्हाई कदी. त्ये काय थोडं झालं?”

गाठ पडली. ती मारताना त्या पुटपुटत होत्या, की रस्त्याचं मात्र मी वर आल्यावर विचारणार आहे.

दुसरं गाव जत्रेचं. साथीच्या वर्षी थोरल्यांनी तिथली जत्रा बंद ठेवली होती. हलवाई, कासार, खेळणीवाले सगळे बुडाले होते. एक हलवाई हात जोडून म्हणाला की राग धरू नका, पण आमच्या गावात त्या वर्षी ताप आलाच नाही, आणि तरी आमची जत्रा गेली. ताप का आला नाही, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. न घडलेल्या संकटाबद्दल कुणी आभार मानत नाही, हे राज्य चालवणाऱ्याच्या नशिबीच असतं. गाव नमस्कार करून घरी गेलं. धाकट्यांनी त्या हलवायाकडून पावशेर जिलेबी घेतली आणि वाटेत एकट्याने संपवली.

तिसऱ्या गावात थोरल्यांनी देवराई तोडू दिली नव्हती. तिथल्या लाकूडतोड्यांनी तेव्हा त्यांना शिव्या घातल्या होत्या. आता त्यांची मुलं त्या राईतल्या झऱ्याचं पाणी पीत होती. त्यांनी वरईची गाठ मारली. चौथ्या गावात थोरल्यांनी एका लाचखाऊ पाटलाला काढलं होतं. आता त्या पाटलाचाच मुलगा पाटील होता, आणि त्याच्यापुढे गाव काही बोलेना. गाठ पडली नाही.

दोन गाठी पडल्या, दोन गावं तशीच गेली. आता सगळं पाचव्या गावावर आलं. धाकटे मनातल्या मनात हसले, कारण पाचवं गाव त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. ते गाव थोरल्यांच्या तळ्यात बुडालं होतं.

आता एक गोष्ट सांगायची राहिली आहे ती सांगून टाकतो.

तीस वर्षांपूर्वी तळं बांधायचं ठरलं, तेव्हा पाणी कुठवर चढेल ती रेघ आखायचं काम नव्या धाकट्या प्रधानांकडे होतं. रेघेवर खुंट्या ठोकायच्या होत्या. खुंटीच्या खालच्या घरांनी हलायचं, वरच्यांनी निश्चिंत राहायचं. थोरले दुसऱ्या दिवशी येणार होते. ते यायच्या आत सगळं उरकून दाखवावं, म्हणजे त्यांना कळेल आपण काय चीज आहोत, असं धाकट्यांना वाटलं. घाईत त्यांनी एक टेकाड सोडून भलत्याच टेकाडावरून माप धरलं. थोरले आले, त्यांनी धाकट्यांच्या पाठीवर थाप मारली आणि विश्वासाने कागदावर मोहर उठवली. पुढच्या पावसाळ्यात पाणी खुंट्या ओलांडून वर आलं. माणसं वाचली, पण घरं, भातखाचरं, देऊळ, सगळं गेलं.

भर दरबारात राजाने विचारलं, चूक कुणाची? थोरले उभे राहिले आणि म्हणाले, “मोहर माझी आहे. चूक माझी.” धाकट्यांनी तोंड उघडलं होतं, ते त्यांनी मिटलं. त्यानंतर थोरल्यांनी तो विषय एकदाही काढला नाही. एकांतातही नाही, रागाच्या भरातही नाही. आणि तुम्हाला नवल वाटेल, पण धाकट्यांचा खरा जळफळाट तिथूनच सुरू झाला. थोरल्यांनी चारदा बोलून दाखवलं असतं तर फिटलं असतं. बोलून न दाखवलेला उपकार रोज नवा होतो, आणि क्षुद्र मनाला तो शत्रूच्या घावापेक्षा जास्त झोंबतो.

असो. पाचवं गाव आता वर खडकाळ माळावर वसलं होतं. माळ दिसू लागला आणि भिंगरीने कान टवकारले. म्हातारी घोडी, पण चक्क दुडक्या चालीने निघाली. शिपायांना मागे टाकून, गल्ल्या वळत, ती थेट एका अंगणात जाऊन उभी राहिली आणि खिंकाळली. आतून एक मुलगी बाहेर आली, आणि कुणी काही न सांगता तिने भिजवलेल्या हरभऱ्याची पाटी घोडीपुढे ठेवली.

धाकटे धापा टाकत पोचले. ही घोडी इथे कशी रुळली, असं त्यांनी विचारलं. ते घर ठकूबाई नावाच्या म्हातारीचं होतं. ती म्हणाली की थोरले दरसाल यायचे. गाव बुडालं त्याच तिथीला, एकटे, न चुकता. याच ओट्यावर बसायचे. गावाने येऊन मनात असेल ते बोलायचं आणि त्यांनी ऐकायचं. पहिल्या वर्षी लोकांनी शिव्या दिल्या. दुसऱ्या वर्षी एकाने चिखलाचा गोळा मारला, तो छातीवर बसला. थोरल्यांनी उपरण्याने छाती पुसली आणि विचारलं, विहिरीला पाणी लागलं का? पुढे पुढे शिव्या संपल्या. मग लोक पोरींची लग्नं, बैलांची दुखणी असलं काय काय सांगू लागले. गेल्या साली तर त्यांना घोडीवरून उतरवत नव्हतं. खोगिरावर बसूनच त्यांनी सगळ्यांचं ऐकलं.

धाकट्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तीस वर्षं दरसाल एक दिवस थोरले दरबारात नसत, आणि धाकटे चारचौघांत म्हणत की म्हातारा आता कामचुकार झाला. त्यांनी मनातली चलबिचल दाबली, गाव गोळा झाल्यावर दोन्ही हात पागोट्यावर ठेवले आणि विचारलं, “हे पागोटं तुमचं का?”

घोडी हरभरे खात होती. मग ठकूबाई पुढे आली.

“गावाचा सवाल हाय,” ती म्हणाली. “हात तसंच ठिवा. खुंटी चुकली आन आमचं गाव बुडालं. ती चूक कुनाची?”

धाकट्यांच्या हाताखाली ते जुनं, घामाने पिवळं पडलेलं कापड होतं. खरं सांगावं, असं एक क्षण त्यांना वाटलं. अगदी वाटलं. सगळं एकदाचं बोलून टाकावं आणि मोकळं व्हावं. पण लगेच त्यांच्या डोळ्यांपुढे मोठी वेस आली, वेशीतला दगड आला, आणि त्या दगडाखाली रोज दोनदा लहान होत जाणारे आपण आलो. मेल्यावरसुद्धा हा माणूस आपल्याला धाकटाच ठेवणार, असं त्यांच्या मनात आलं.

“त्यांचीच,” ते म्हणाले. “त्यांनी स्वतः भर दरबारात कबूल केली होती.”

पाहा, शब्दाशब्दाने हे खोटं नव्हतं. कबुली झालीच होती. मत्सराला वकिली फार छान जमते.

ठकूबाईने मान हलवली आणि ती घरात गेली. लोकही पांगतील असं धाकट्यांना वाटलं. झालं एकदाचं, असं ते मनात म्हणाले. एवढ्यात ठकूबाई बाहेर आली. तिच्या मुठीत नाचणी होती. पूर्वी या गावात भात पिके, आता माळावर नाचणीच होत होती. तिने पागोट्याचा पदर ओढला, नाचणी बांधली आणि दातांनी ओढून गाठ पक्की केली. मग तिने पागोट्यावरच्या धाकट्यांच्या डाव्या हाताकडे बोट केलं.

“खुंटी ठोकनारा पोरगा माज्याच दारात उबा व्हता,” ती म्हणाली. “तहान लागली म्हनला. म्या तांब्या दिला. ही वाकडी करंगळी तवाच बगितली.”

धाकटे हात उचलायला गेले, पण हात उचलेना.

“थोरल्यांस्नी आमी एकडाव इचारलं व्हतं. त्ये म्हनले, मोहर माजी. आमी समजलो. पुन्हा इचारलं न्हाई. आज तुमास्नी इचारलं, त्ये चूक कुनाची ह्ये कळाया न्हवं. ज्येच्यापायी त्या मान्सानं आमच्या शिव्या खाल्ल्या, तीस वरसं हितं हेलपाटं घातलं, त्यो मानूस कसा हाय, त्ये बगायचं व्हतं.”

मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, “भिऊ नगासा. त्यांनी झाकलं, त्ये आमी उगडं करनार न्हाई.”

गावाने घोडीला नमस्कार केला. धाकट्यांना कुणी काही बोललं नाही. त्या मुलीने त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या आणून ठेवला होता, तो तसाच राहिला.

तीन गाठींचं पागोटं नगरात आलं. राजाने मोठ्या वेशीत दगड उभा केला. कारागिराने त्यावर एक पागोटं कोरलं आणि पदराला तीन गाठी. कुणी त्यावर फूल ठेवी, कुणी ओझं टेकवून घडीभर बसे. धाकटे प्रधान त्या दिवसापासून मुख्य प्रधान झाले. पण लोक त्यांना धाकटेच म्हणत राहिले. नवा थोरला म्हणावं, तर थोरले वेशीत उभेच होते.

ठकूबाईने शब्द पाळला. त्या गावातून कधी काही बाहेर आलं नाही. धाकट्यांना शिक्षा झाली नाही, कुणी चौकशी केली नाही, कुणी पदावरून काढलं नाही. फक्त त्यांच्याने मोठ्या वेशीतून जाववेना. दगड दिसला की करंगळी ठणकायची.

नगराच्या मागच्या तटाला एक चोरदरवाजा होता. सांडपाणी काढायला आणि मेलेली गुरं न्यायला ठेवलेला. इतका ठेंगणा, की कमरेतून वाकल्याशिवाय आत पाय ठेवता येत नसे. राज्याचे मुख्य प्रधान रोज सकाळी त्या दारातून वाकून आत येत आणि रोज संध्याकाळी वाकून बाहेर जात. असं सतरा वर्षं चाललं. हळूहळू त्यांची पाठच वाकली. मग ते दाराबाहेरही वाकूनच चालू लागले.

तळ्याची तिथी दरसाल येई. त्या दिवशी भिंगरी, ती जिवंत होती तोवर, खुंट्याला हिसके देत राही. ठकूबाईच्या घरी हरभरे भिजत पडत. धाकटे एकदाही गेले नाहीत.

सतराव्या वर्षी राजाने भर दरबारात त्यांचा सत्कार केला. इतकी सत्ता हाती असून हा माणूस कसा वाकून चालतो पाहा, तो म्हणाला, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “नम्रतेत हे थोरल्यांपेक्षाही थोरले.”

हे वाक्य ऐकण्यासाठी धाकटे आयुष्यभर झुरले होते. ते आज कानावर पडलं, आणि त्यांना मान वर करून राजाकडे बघता आलं नाही. पाठ आता सरळ होत नव्हती. त्यांनी जमिनीकडे बघत हात जोडले, डाव्या हाताची करंगळी बाहीत ओढून घेतली आणि मागच्या दाराने घरी गेले.

म्हणून मुलांनो आणि थोरांनो, ध्यानात ठेवा: दुसऱ्याच्या मोठेपणापुढे ज्याला एकदा मान झुकवता येत नाही, त्याला मत्सर जन्मभर वाकून चालायला लावतो.